सोंगलेल्या वावरातली वळणं

सोयाबीन सोंगून, मळून घरी गेलं की कोरडवाहू वावर काही दिवस कोणाचंच नसतं. पेरणीची घाई नाही, पिकाची राखण नाही. बांधावर, आमच्या बोलीत धुऱ्यावर, कुटाराचा म्हणजे भुशाचा ढीग, त्याचा थोडा आंबूस, थोडा गोड वास, आणि सकाळी दवानं ओलसर झालेली काळी माती. परवा पत्रकांचा गठ्ठा घेऊन रोहण्याकडं निघाले होते. दवाखान्यात बाई डॉक्टर द्या, एवढीच मागणी. तीसुद्धा छापून मागावी लागते. फाट्यापासून पायी चालताना एका उघड्या वावरात चाकांच्या खुणा दिसल्या. कोणीतरी मोटरसायकलीनं गोल गोल फिरलं होतं, एका ठिकाणी घसरून बाहेर गेलं होतं, परत आत आलं होतं. मी धुऱ्यावर बसले. पत्रकं वाटली, पण उशिरा वाटली.

नव्वदचं दशक संपत होतं तेव्हाची गोष्ट. मी वर्ध्याला कॉलेजात होते, संघटनेत नवी होते, आणि जगातला कुठलाही अन्याय एका पानावर मावतो अशी माझी खात्री होती. ती अजून पुरती गेलेली नाही. पण त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी गावाकडची एसटी पकडायचे ती पत्रकासाठी नाही. रविवारी सकाळी आमच्या वावरात गाडी पळायची, म्हणून.

गाडी दादाची. लाल, आठशे सीसीची, बी-बियाण्याच्या दुकानावर जायला यायला घेतलेली. बाबांनी वावरातली धसकटं वखरानं काढली, नाहीतर टायरची चाळण झाली असती. मग त्यावर लाकडी फळी फिरवली. दवात ती माती दाबल्यासारखी घट्ट असायची. ऊन चढलं की वरचा थर सुटायचा आणि पिठासारखी धूळ व्हायची. सकाळची गाडी वेगळी, दुपारची वेगळी. हे आम्ही कोणाकडून शिकलो नाही. तुरीत घुसून घुसून शिकलो. वावराच्या पूर्वेला तूर उभी होती, फुलावर आलेली, आणि पहिल्या रविवारी गाडी तिच्यात इतक्यांदा गेली की आईनं दारातूनच विचारलं, शेंगा तोडून आणल्या का.

हे सगळं कशासाठी, तर आर्वीतल्या व्यापाऱ्यांच्या पोरांनी एक क्लब काढला होता. दादाही त्यात होता. दर हिवाळ्यात ते गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या वावरात बांबूंना झेंड्या बांधून वळणावळणाचा रस्ता आखत आणि एकेक गाडी त्यातून सोडत. गाडीची शर्यत दुसऱ्या गाडीशी नव्हती, घड्याळाशी होती. मंडपात टेबलावर दोघे स्टॉपवॉच घेऊन बसत आणि भोंग्यावरून वेळ सांगत. नाव, गाव, वेळ. जेवणानंतर ‘लेडीज राउंड’ असे. त्यात क्लबातल्याच कोणाच्या तरी बायका, बहिणी हळूच एक फेरी मारत. त्यांची वेळ कोणी मोजत नसे. स्टॉपवॉचवाले तेव्हा शेवटच्या पंगतीत जेवत असत. फेरी झाली की प्रत्येकीला एक स्टीलचा डबा, टाळ्या, फोटो.

आदल्या वर्षी असा एक डबा आमच्या घरी आला. वहिनीनं तो ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “सुमे, मी किती वेळात आली ते कोणालेच माहीत नाई. मलेही नाई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग माझ्या वाट्याला आला. आमच्या घरात ती वाटणी तशीच होती.

अलकावहिनी आष्टीची. माहेरी किराण्याचं दुकान, आणि आठवडी बाजारांना माल न्यायला जीप. लग्नाआधी ती जीप तीच हाकायची. पण जीपला मागची चाकं ढकलतात. वळणावर नाक बाहेर जायला लागलं की ॲक्सिलरेटर दाबायचा. मागचा भाग सरकतो आणि गाडी वळते. लाल गाडीत वहिनी हेच करायची, आणि जितका पाय दाबावा तितकी गाडी सरळ तुरीकडं निघायची. “हे नाक सोडते,” वहिनी म्हणायची. आमच्या घरात तोच शब्द रुळला.

कारण अगदी उघड होतं. या गाडीत इंजिन पुढं, आणि ते ओढतंही पुढच्याच चाकांना. म्हणजे वजन पेलायचं त्यांनी, ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, ब्रेक लागला की त्याचाही मोठा भार त्यांनीच घ्यायचा. मागची चाकं नुसती मागून येतात. घराघरात हीच व्यवस्था असल्यामुळं मला ती पटकन समजली. एका टायरजवळ पकड ठरावीकच असते. ती ओढण्यात खर्च झाली की वळायला उरत नाही. कामाला जुंपलेल्या कोणालाही विचारा.

गावात बाबांना धुरकरी, म्हणजे जाणता गाडीवान, म्हणून मान होता. भरलेल्या बैलगाडीचं जू ते एका हातानं उचलून बघत आणि मग एखादं पोतं वीतभर मागं किंवा पुढं सरकवत. गाडी मागं जड झाली तर उलाळ होते, जू वर जातं, बैलांच्या गळ्याला ओढ बसते. पुढं जड झाली तर सगळा भार त्यांच्या खांद्यावर. चढाला वेगळं भरायचं, उताराला वेगळं. हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती बाबा कासरा देत नसत. लाल गाडीभोवतीही ते तसेच फिरले. बॉनेट दाबून पाहिलं, मागं जाऊन डिकी दाबून पाहिली, परत पुढं आले. म्हणाले, समोर लई जड हाय, बैल मरतीन. मागचं सीट काढून तिथं सरकीची दोन पोती टाका.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही वाटलंच नाही. आमच्याकडं कोणीही हेच केलं असतं. ज्या गावात चार पिढ्या वजन म्हणजे बैलाच्या खांद्यावरचा भार, तिथं दुसरं सुचणार काय? दादानं सीट काढलं, मी पोती धरायला मदत केली, आणि गाडी दिसायलाही सरळ दिसू लागली, नाक न झुकवलेली.

पुढचे काही रविवार त्या पोत्यांनी खाल्ले. वळणातून निघताना पाय दाबला की पुढची चाकं हलकी पडून जागच्या जागी फिरायची, धूळ उडायची, नाक बाहेर. घाबरून पाय उचलला की मागच्या पोत्यांचं वजन झोका घ्यायचं, आणि एकदा सुटलेलं ते थांबायचं नाही; गाडी आली त्या दिशेला तोंड करून उभी. एकच गाडी, आणि ती नाकही सोडते, शेपूटही टाकते. दादाला मात्र ती तशीच आवडली. त्याचा हात जड. तो वळणाआधी गाडी पुष्कळ हळू करायचा, वळणात पाय हलवायचाच नाही, आणि सरळ पट्ट्यावर सोडून द्यायचा. पोती हायेत तर गाडी जमिनीले धरून राह्यते, असं तो सगळ्यांना सांगायचा. वहिनीचं म्हणणं, धरून राहते हे खरं, पण मला वळायचं आहे.

थंडी सरत नसे अशा सकाळी आम्ही धुऱ्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायचो. दूर कुठंतरी थ्रेशर सुरू असायचा. कपाशीत वेचणीच्या बायका ओळीनं दिसायच्या आणि त्यांच्यातली एखादी आमच्याकडं बघून काहीतरी बोलायची. सगळी ओळ हसायची. आमचे शेजारी वामनकाका बैल घेऊन जाताना दर वेळी थांबायचे. वहिनीची गाडी गरकन फिरली की ते बैलांनाच सांगत, पाहा बे, तुमच्यापेक्षा शहाणी हाय, घराकडं तोंड करते. आता मी सभेत बोलते, मोर्चात बोलते, आणि लोक विचारतात की एवढा राग कुठून येतो. मला उत्तर द्यावंसं वाटतं की राग तर आहेच, पण मी सगळ्यात जास्त लक्ष देऊन काही शिकले असेन तर त्या धुऱ्यावर गप्प बसून.

अशाच एका सकाळी वहिनी गाडीतून उतरली, पुढं येऊन बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, “बाबा, या गाडीले बैल समोर जुंपले नाई. ते हिच्या पोटात हायेत. त्यायच्या खांद्यावरचं वजन काढलं तर ते पाय कशावर रोवतीन?”

बाबा पुढं आले. परत बॉनेट दाबलं, या वेळी जरा जास्त वेळ. मग स्वतः आत वाकले आणि एक पोतं ओढून बाहेर काढलं. दुसऱ्यालाही हात घातला. म्हणाले, “पटलं म्हणून नाई काढून राह्यलो. तू म्हणते म्हणून काढतो.”

पोती गेली आणि गाडीचं फिरणं थांबलं. नाक सोडणं मात्र राहिलं. पण आता रोग एकच होता, त्यामुळं औषध शोधता आलं. बाजारात स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफर मिळतात. माल भरून भरून मागून बसलेल्या गाड्यांना लोक ते लावतात. वहिनीनं ते मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेढ्यांत बसवले, रिकाम्या गाडीला. दुकानदारानं विचारलं होतं, गाडी दबली का? ती म्हणाली, नाही, फार आरामात बसली आहे. मागचा भाग त्यामुळं कडक झाला. वळणात गाडी कलते तेव्हा कलण्याचा जोर मागच्या कडक बाजूला जास्त पडतो, मागच्या चाकांची पकड थोडी कमी होते, आणि पुढच्यांवरचा ताण हलका होतो. नाक आत येतं. मागच्या टायरांत हवा जास्त, पुढच्यांत जरा कमी. हवेचा पायपंप माझ्याकडं होता, आणि दव उडालं की परत मोजायचं कामही. वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जायचं. वामनकाकांनी ते पाहिलं त्या दिवशी बैल सोडून ते आम्हालाच बोलले: तुमची गाडी कुत्र्यावानी पाय वर करते, तुरीपासून दूर ठेवजा.

उरलं ते पायाचं काम. वळणाच्या तोंडाशी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. वजन पुढं येतं, पुढची चाकं मातीत रुततात, मागची हलकी होऊन सरकतात. नाक वळलं की लगेच पाय परत टेकवायचा. उशीर केला तर शेपूट जास्त सरकतं. घाई केली तर नाक सुटतं. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते, आणि वहिनी ती दर रविवारी शोधायची; सापडली की परत हरवायची. दादा आपली फेरी मारायच्या आधी पोती परत आत टाकून घ्यायचा आणि जॅक लावून रबर काढायचा. वहिनीच्या वेळी उलट. नवरा-बायकोत त्यावरून भांडण कधी झालं नाही. जॅकचा आवाज तेवढा जरा जास्त व्हायचा.

मी पत्रक लिहिलं होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘वेळ मोजा’. खाली क्लबला जाब, की टाळ्या आणि डबे हा मान नाही, मान असेल तर आकडा द्या. आष्टीची लेक आहे, बेचाळीसच्या हुतात्म्यांच्या गावची, असंही एक वाक्य घातलं होतं. वहिनीनं वाचून तेच काढायला लावलं. “आष्टीचं नाव नको. तो मान तिथं मेलेल्यायचा हाय. मी गाडी चालवून राह्यली.” स्वतःचं नावही तिनं काढायला लावलं. मागणी ठेव म्हणाली.

पत्रक आर्वीत वाटलं गेलं. क्लबचे खजिनदार धान्याचे अडते होते, गोड बोलणारे. त्यांनी मला दुकानात बसवून चहा पाजला. म्हणाले, बायकांना उगाच दडपण नको म्हणून मोजत नाही, बेटा. बक्षीस तर सगळ्यांना देतोच. मी म्हटलं, सगळ्यांना सारखं देता म्हणूनच ते बक्षीस नाही. ते हसले. शेवटी दोन अटी सांगितल्या. बाईला मुख्य स्पर्धेत चालवायचं असेल तर तिच्या नवऱ्यानं स्वतः टेबलापाशी येऊन तसं सांगायचं. आणि एकाच गाडीवर दोघं चालवणार असतील तर मधे जॅक लागणार नाही. गाडी जशी आली तशीच दोघांनी चालवायची.

पहिल्या अटीवर मी पेटले. नवऱ्याची परवानगी! मला वाटलं, ही अट मान्य करण्यापेक्षा मंडपाबाहेर बसून घोषणा द्याव्यात. आजही मला ती अट आठवली की कान गरम होतात, आणि व्हायलाच पाहिजेत. वहिनी मला फक्त इतकं म्हणाली, “तू मंग भांडजो. आधी मले वळू दे.”

पण खरी अडचण दुसऱ्या अटीत होती, आणि ती दादाची होती. गाडी एकच लावायची तर कोणासारखी? पोत्यांची लावली तर वहिनीची वेळ मोजून उपयोग नाही. ती झेंड्यांत फिरून उभी राहील आणि भोंगा तेवढंच सांगेल. तिच्यासारखी लावली तर दादाला कधी न हाकलेल्या गाडीत बसावं लागेल, सगळ्या बाजारासमोर. बायकोच्या मागं पडला तर पुढचा सबंध पेरणीचा हंगाम दुकानात येणारा प्रत्येक माणूस बियाण्याच्या आधी तेच विचारेल. तो आठवडाभर काही बोलला नाही. आई म्हणाली, जेवणात मीठ जास्त झालं तरी बोलत नाही, म्हणजे मोठं काहीतरी आहे.

स्पर्धेच्या सकाळी ऊन मऊ होतं. वावर आमच्यापेक्षा मोठं, माती तीच. मंडपात खुर्च्या, भोंग्यावर गाणी, कढईत भजी. आम्ही पोती गाडीतच ठेवून नेली होती, कारण काय करायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं. दादा टेबलापाशी गेला. खजिनदारांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की मिसेसला चालवू द्यायचं नक्की ना. दादा म्हणाला, “द्यायचं काय, ते चालवतेच. दोघायची मोजा.” मग परत येऊन त्यानं स्वतः पोती काढून कडुलिंबाखाली ठेवली, आणि जॅक काढला, रबर बसवायला. मला म्हणाला, मागं हवा किती असते तिची?

आधी तो गेला. मला भीती होती की पहिल्याच वळणाला गाडी फिरेल. फिरली नाही. त्याच्या जड हाताखाली ती हलकी गाडी अशी निघाली की त्यालाही नवल वाटलं असावं. गाडी थांबली तेव्हा तो स्टिअरिंग सोडून आपल्या हातांकडं बघत होता. भोंग्यानं त्याची वेळ सांगितली. त्याची आजवरची सगळ्यात चांगली.

मग वहिनी. ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला बांधलेली. तेव्हापर्यंत वरचा थर सुटला होता. पहिल्या वळणाला पाय उचलल्याचा आवाज आला, इंजिन क्षणभर गप्प, आणि नाक असं आत आलं की जणू झेंडीनंच त्याला बोलावलं. मागचं चाक वर. पाय परत खाली. दुसरं वळण, तिसरं, उलटसुलट दोन. भज्याच्या कढईवरचा माणूस झारा हातात धरून बघत होता. शेवटच्या वळणाला तिनं पाय जरा जास्त उचलून धरला. शेपूट हवं त्याहून सरकलं, आणि गाडी सरळ होईपर्यंत तिला थांबावं लागलं. फार नाही. एक श्वास.

भोंग्यावरून तिचं नाव आलं, गाव आलं, आणि वेळ आली. आकडा मी इथं लिहीत नाही. तो तिचा आहे. क्लबच्या निम्म्याहून जास्त पोरांपेक्षा तो चांगला होता. दादापेक्षा किंचित वाईट.

खजिनदार हसत आले. झालं समाधान? मोजली, तर नवऱ्याच्या मागंच ना शेवटी. माझ्या तोंडाशी पूर्ण पत्रक आलं होतं. वहिनी माझ्याआधी बोलली. “भाऊ, किती मागं? बरोबर सांगा.” त्यांनी कागद पाहून फरक सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून घेतला, जसा आपण दुकानात जाताना निरोप घोकतो.

मी मनात विजयाचं पत्रक लिहून ठेवलं होतं. ते फुकट गेलं. नंतर पुष्कळ वर्षांनी, पुष्कळ पत्रकं लिहून झाल्यावर, मला कळलं की आमची मागणी जिंकण्याची नव्हतीच. ज्याची वेळ मोजत नाहीत त्याला हरतासुद्धा येत नाही. डबा मिळतो. क्लबनं पुढच्या वर्षीही लेडीज राउंड ठेवला. स्टॉपवॉचवाले मात्र आधी जेवून घेऊ लागले. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. त्यांनी ते पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. आता क्लबही नाही आणि त्या वावराचे प्लॉट पडले आहेत.

संध्याकाळी परत येताना दादा गाडी चालवत होता, वहिनी शेजारी. मी मागं, सीट काढलेल्या पत्र्यावर घोंगडी घालून, पोत्यांना टेकून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि उतरत्या उन्हात पिवळट दिसत होता. कालव्याच्या पुलाजवळ वहिनीनं विचारलं, “अहो, शेवटच्या वळणाले तुम्ही पाय कुठं उचलता?”

दादानं पूल ओलांडला. त्याला काहीही सांगता आलं असतं. नाव त्याचं वर होतं, आणि कोणी तपासायला येणार नव्हतं.

“उचलतच नाई,” तो म्हणाला. “उचलाचं भेव वाटते मले. म्हणून दाबूनच ठेवतो.”

वहिनी समोरच्या काचेतून बघत राहिली. तिचा उजवा पाय जागच्या जागी हळूच हलला. मला मागून दिसलं.

“मंग मी दाबून पाह्यते,” ती म्हणाली. “तुम्ही उचलून पाहा.”

“उद्या सोमवार हाय. दुकान हाय,” दादा म्हणाला. आणि बराच रस्ता गेल्यावर, “उजाडताच जाऊ.”